थीम पार्क आणि मुलाचे वय : चार निकषांचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

मुलाला डिस्ने वर्ल्डला कोणत्या वर्षी न्यावे, या प्रश्नावर घरातले प्रत्येक माणूस वेगळे बोलते, आणि ज्याचे त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे असते. आजी म्हणते, एवढ्याशा पोराला काय आठवणार आहे? बाबांचा हिशेब असा, की तीन पूर्ण व्हायच्या आत गेलो तर त्याचे तिकीट लागत नाही. आईला दुपारच्या झोपेची काळजी असते. आठ वर्षांच्या ताईचे म्हणणे सरळ असते : माझी उंची भरते, तेव्हा आत्ताच जाऊ या. वरकरणी वाद एकच वाटतो, पण आजी स्मरणाबद्दल बोलते आहे, बाबा खर्चाबद्दल, आई शरीराच्या सोशीकतेबद्दल आणि ताई यंत्राच्या नियमाबद्दल.

हे प्रश्न सुटे करून तपासले तर निर्णय सोपा होतो. उदाहरणासाठी फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड घेऊ. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झाले आणि आज तिथे चार स्वतंत्र थीम पार्क आहेत. एका दिवसात उरकणारी ही जागा नाही. पुण्या-मुंबईहून जाणारे कुटुंब असो, की भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन न्यू जर्सीहून निघालेले मराठी घर असो, मुक्काम काही दिवसांचाच करावा लागतो. म्हणून वयाचा प्रश्न इथे सर्वांत टोकदार होतो.

२. तिकिटाच्या रेषा

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ऑर्लँडोत तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. तीन ते नऊ मुलांचे तिकीट, दहापासून मोठ्यांचे. टोकियो डिस्नेलँडमध्ये मुलाचे तिकीट चौथ्या वर्षापासून लागते, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्येही चौथ्यापासून. विमानात दोन वर्षांपर्यंत मूल मांडीवर बसते, तर आपल्या एसटीत ते पाच वर्षांपर्यंत फुकट जाते. सव्वातीन वर्षांच्या एकाच मुलाला ऑर्लँडोत पैसे पडतात आणि टोकियोत पडत नाहीत. या रेषा व्यवसायाच्या सोयीने आखलेल्या आहेत. मुलाच्या तयारीबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

शिवाय ‘फुकट’ हा हिशेब अर्धा असतो. पावणेतीन वर्षांच्या मुलाचे तिकीट वाचते, पण त्याच्यापायी आई किंवा बाबा दिवसभर बाबागाडीपाशी अडकून पडतात आणि त्यांचे मोठ्यांचे तिकीट निम्मे वाया जाते. बचत मोजायची तर हेही त्यात धरावे लागते.

३. पहिला निकष : उंची

पार्क मुलाचे वय क्वचितच विचारतो. तो उंची मोजतो. पाळण्याच्या आसनावरचा दांडा किंवा पट्टा ठरावीक आकाराच्या शरीरालाच नीट धरून ठेवतो, म्हणून ही मर्यादा असते. प्रवेशापाशी पट्टी धरून उभा असलेला कर्मचारी दोन सेंटिमीटरचीही सूट देत नाही, आणि त्याने देऊही नये.

डिस्ने वर्ल्डमध्ये बार्नस्टॉर्मर या छोट्या रोलर कोस्टरला ८९ सेंमी उंची लागते, स्लिंकी डॉग डॅश आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, टॉवर ऑफ टेररला १०२, स्पेस माउंटनला ११२ आणि ट्रॉनला १२२. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांत मुलग्यांची मध्यम उंची तिसऱ्या वर्षी सुमारे ९६ सेंमी, चौथ्या वर्षी १०३, पाचव्या वर्षी ११०, सहाव्या वर्षी ११६ आणि सातव्या वर्षी १२२ आहे. मुलींची साधारण एका सेंटिमीटरने कमी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. तीन वर्षांचे मूल बार्नस्टॉर्मरवर बसेल, पण स्लिंकीपाशी बोटभर कमी पडेल. मोठे पाळणे चार ते सात वर्षांच्या दरम्यान एकेक करून उघडत जातात. अर्थात मध्यम उंची म्हणजे निम्मी मुले त्याहून बुटकी. पाचव्या वर्षी अगदी निरोगी मुलांतही पंधरा सेंटिमीटरपर्यंत फरक असू शकतो. म्हणून तिकिटे काढण्याआधी घरातल्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून मोजावे.

या निकषाला मर्यादाही आहे. कॅरोसेल, डंबो, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ यांना उंचीची अट नाही, म्हणजे लहान मुलाला करण्यासारखे पुष्कळ आहे. पण भुताटकीच्या हॉन्टेड मॅन्शनलाही अट नाही. शरीर बसते की नाही एवढेच उंची सांगते. मन बसते की नाही, ते तिच्या कक्षेबाहेरचे आहे.

४. दुसरा निकष : थांबणे आणि टिकणे

थीम पार्कच्या दिवसात पाळण्यावर घालवलेला वेळ थोडा, रांगेतला आणि चालण्यातला फार. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीच्या मुलांवर वाट पाहण्याचे प्रयोग केले. १९७०च्या प्रयोगात खाऊ समोर दिसत असताना मुले सरासरी मिनिटभर थांबली. तो नजरेआड असताना अकरा मिनिटांच्या आसपास. यावरून रांगेबद्दल एक अनुमान निघते. रांगेत उभ्या मुलाला पाळणा दिसत असतो, त्यावरच्या मुलांचे ओरडणे ऐकू येत असते, म्हणजे वाट पाहण्याचा सर्वांत अवघड प्रकार तिथे असतो. चार वर्षांचे मूल पाऊण तास असे उभे राहत नसेल, तर तो हट्टीपणा समजू नये. रांगेत गोष्ट सांगणे, अंताक्षरी खेळणे, खाऊचा डबा उघडणे हे उपाय उपयोगी पडतात, कारण त्यांनी लक्ष पाळण्यावरून हटते.

टिकण्याचा भाग झोपेशी बांधलेला आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दुपारच्या झोपेसह दिवसाला १० ते १३ तास झोप सुचवली. डिस्नेची आतषबाजी या वयाच्या मुलाच्या निजण्याच्या वेळेला होते. भारतातून जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक भर पडते. उन्हाळ्यात ऑर्लँडोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकते, म्हणजे आठवडाभराच्या सहलीत लहान मूल पहाटे तीनला टक्क जागे आणि संध्याकाळी पाचला पेंगुळलेले, असेच राहते. सिंगापूरशी हा फरक फक्त अडीच तासांचा आहे. ज्या मुलाला सिंगापूर झेपते, त्याला त्याच वर्षी ऑर्लँडो झेपेलच असे नाही.

५. तिसरा निकष : भीती

उंच पाळण्याची मजा कशात असते? आपण पडणार नाही हे ठाऊक असते आणि तरी पडल्यासारखे वाटते. खरे आणि भासणारे ही दोन्ही एकाच वेळी मनात धरता आली तरच भीतीची गंमत होते. नाहीतर उरते ती नुसती भीती.

ही क्षमता केव्हा येते, याचा एक सुंदर दाखला १९६९ सालच्या अभ्यासात आहे. र्‍हेटा डव्ह्रीझ यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचे गरीब स्वभावाचे मांजर दाखवले. मग त्याचा पुढचा भाग आडोशाला नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचा भाग मुलांना सतत दिसत होता. तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना मांजराचा कुत्राच झाला असे वाटले. सहा वर्षांच्या बहुतेकांना मुखवट्याआड मांजरच आहे हे कळत होते.

पुस्तकात मिकीवर जीव असणारे तीन वर्षांचे पोर पार्कात माणसाएवढा मिकी समोर आला की आईच्या मानेत तोंड का लपवते, हे यातून उलगडते. त्याला भेकड म्हणून हसण्यात अर्थ नाही आणि फोटोसाठी पुढे ढकलण्यात तर मुळीच नाही. अंधार आणि मोठे आवाज यांचेही तेच. एका अंधाऱ्या पाळण्यात सकाळी जबरदस्तीने बसवलेले मूल पुढे दिवसभर साध्या होडीतही बसायला नकार देते. या निकषाची चाचणी मोजपट्टीने होत नाही. पण गणपतीतल्या हलत्या देखाव्यासमोर, ढोल-ताशाच्या पथकाजवळ किंवा नाट्यगृहातला दिवा विझल्यावर मूल कसे वागते, त्यावरून चांगला अंदाज येतो.

मोठ्या मुलांची अडचण वेगळी असते. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचित दिसतो आणि नऊ-दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो. ज्याला खंडाळ्याच्या घाटात उलटी होते, त्याची उंची भरली आणि भीती गेली, तरी पोट साथ देईलच असे नाही.

६. चौथा निकष : आठवण

आजीचा आक्षेप सर्वांत जुना, आणि त्यावर थेट अभ्यास झालेला आहे. निना हॅमंड आणि रॉबिन फिवुश यांनी १९९१ साली डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांच्या आठवणी तपासल्या. सहलीच्या वेळी काही मुले तीन वर्षांची होती, काही चार. कुणाला सहा महिन्यांनी विचारले, कुणाला दीड वर्षाने. सर्वांनाच बरेच आठवत होते. चार वर्षांच्या मुलांच्या सांगण्यात तपशील अधिक होता. म्हणजे ‘काही आठवणार नाही’ हे निदान पहिल्या दीड वर्षापुरते तरी खरे नाही.

पण दूरचा पल्ला घेतला तर आजीची बाजू वजनदार होते. पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी घडलेले प्रसंग पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्यांना मात्र सुमारे पस्तीस टक्केच. प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांची असते, हेही त्याला धरूनच आहे.

शिवाय जी उरते, ती सगळी आठवण अस्सल असते असेही नाही. कॅथरिन ब्राउन, र्‍हायनॉन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या २००२ सालच्या प्रयोगात डिस्नेची एक बनावट जाहिरात दाखवल्यावर काही प्रौढांना लहानपणी डिस्नेलँडमध्ये बग्ज बनीला भेटल्याचे ‘आठवले’. बग्ज बनी हा वॉर्नर ब्रदर्सचा; डिस्नेत तो भेटणे शक्यच नव्हते. लहानपणची सहल पुढे घरातल्या गप्पांतून आणि फोटोंतून पुन्हा पुन्हा रचली जाते. तेव्हा आठवण हाच हेतू असेल तर पाचच्या आत घाई करू नये. आणि केलीच, तर नंतरची काही वर्षे त्या सहलीबद्दल मुलाशी बोलत राहावे, त्याला सांगू द्यावे.

७. निकषांची बेरीज

आता चारही निकष एकत्र ठेवू. दोनच्या आत मूल सहलीचे प्रवासी असते, पाहुणे नव्हे; थोरल्यासाठी किंवा स्वतःच्या हौसेसाठी जात असाल तर जावे, पण त्याच्या नावावर नको. दोन ते साडेतीन हा सर्वांत कठीण टप्पा : पाय फुटलेले, संयम नाही, मुखवट्याची भीती, आणि दुपारची झोप अजून सुटलेली नाही. साडेतीन ते पाचच्या मुलाला जवळची, एका दिवसाची, दुपारी खोलीवर परतता येईल अशी सहल भावते. सहा ते आठ या वयात उंची बहुतेक दारे उघडते, भीतीचा खेळ होतो, रांग सोसते आणि आठवण टिकू लागते. डिस्नेच्या नियमाप्रमाणे सात वर्षांखालील मुलासोबत पाळण्यात चौदा किंवा त्याहून मोठे कुणीतरी बसावेच लागते. सातनंतर ते बंधन सुटते. तेराच्या पुढे पाळणे सगळे उघडे असतात, पण तोवर मुलाला आई-बाबांपेक्षा मित्रांची सोबत हवी असते.

ही बेरीज सरासरीने करायची नाही. उंची उत्तम आणि झोप कच्ची, म्हणून गुण मध्यम, असे इथे होत नाही. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते. जो निकष सर्वांत उशिरा पिकतो, तोच दिवस ठरवतो. मात्र कोणता निकष लागू पडतो, ते बेतावर अवलंबून आहे. बेतात मोठे रोलर कोस्टर नसतील तर उंची गैरलागू. मुक्काम पार्काला लागून असेल तर झोपेचा निकष सैल होतो.

८. दोन आक्षेप

पहिला पूर्वपक्ष असा : जादू खरी वाटते तोवरच न्यावे, आठव्या वर्षी मुलाला राजकन्या म्हणजे पगारी नटी आहे हे कळलेले असते. यात तथ्य आहे. चार-पाच वर्षांच्या मुलीला सिंड्रेलाने नावाने हाक मारणे ही गोष्ट पुढे विकत मिळत नाही. पण ज्या वयात जादू खरी असते, त्याच वयात राक्षसही खरा असतो. ही बाजू घेणाऱ्यांनी बेत राजकन्येचा ठेवावा, अंधाऱ्या पाळण्यांचा नव्हे.

दुसरा पूर्वपक्ष दोन भावंडांचा. ताई आठाची, धाकटा तीनचा. वाट कुणाची पाहायची? थोरलीला पाच वर्षे थांबवणे अन्याय आहे. इथे उत्तर व्यवस्थेत सापडते. डिस्नेच्या रायडर स्विच सोयीत एक पालक धाकट्याजवळ थांबतो, दुसरा ताईला घेऊन बसतो, आणि मग अदलाबदल होते. पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आजी-आजोबा सोबत असले तर ते आणि धाकटा यांचा दिवस दुपारीच संपवता येतो. सहल ताईची आहे हे आधी ठरलेले असले, की धाकट्याकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत.

९. निष्कर्ष

परदेशातल्या काही दिवसांच्या सहलीसाठी बहुतेक मुलांच्या बाबतीत सहा ते आठ ही वर्षे सर्वांत फलदायी ठरतात, कारण चारही निकष प्रथमच एकत्र येतात. पण हे अनुमान आहे. आपल्या मुलाची परीक्षा स्वस्तात घेता येते. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या जवळच्या पार्कात किंवा गावच्या जत्रेत त्याच्यासोबत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक दिवस काढावा : खरी रांग, खरी पायपीट, खरा गोंगाट. मूल कुठे मोडते ते पाहावे. उन्हात मोडले तर ऋतू बदलावा, दुपारी मोडले तर वेळापत्रक, अंधारात मोडले तर पाळण्यांची यादी. हे बदल केल्यावरही बेत उभा राहत असेल, तर मूल पुरेसे मोठे आहे. आणि आई-बाबा त्यांतले काहीच सोडायला तयार नसतील, तर मुलाचे वय कितीही असो, सहल एक वर्ष पुढे ढकलावी.