वळिवड्याची पोलिश वसाहत

मिरजेहून कोल्हापुरास जाणारी गाडी रुकडी सोडून पंचगंगा ओलांडते, तेव्हा वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या जवळच गांधीनगर ही कापडाची मोठी पेठ आहे. लग्नसराईत बेळगाव-निपाणीपासून कोकणापर्यंतचे गिऱ्हाईक या पेठेत गर्दी करते. साड्यांचे गठ्ठे उलगडून दाखविणारे दुकानदार बहुतेक सिंधी आहेत. फाळणीनंतर त्यांचे आजे-पणजे निर्वासित म्हणून येथे आले, हे परिसरातील लोकांस ठाऊक असते. परंतु त्यांच्याही आधी याच जागेवर दुसऱ्या एका दूरदेशीच्या निर्वासितांनी पाच वर्षे संसार मांडला होता, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. ते निर्वासित पोलंडचे होते आणि त्यांची संख्या सुमारे ५,००० होती.

पोलंडची माणसे करवीरच्या मातीत कशी आली, हे समजण्यासाठी १९३९ सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत तेथील लक्षावधी स्त्री-पुरुषांना व मुलांना मालगाड्यांत भरून सैबेरियाच्या जंगलांत आणि कझाकस्तानच्या माळरानांवर नेऊन टाकण्यात आले. लाकूडतोड, उपासमार, थंडी आणि विषमज्वर यांनी कुटुंबेच्या कुटुंबे खचली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली आणि पारडे फिरले. पुढच्याच महिन्यात लंडनमधील पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी रशियाशी करार केला. हद्दपार पोलिश नागरिकांना मुक्तता मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. या सैन्याच्या छावण्यांकडे केवळ तरुणच धावले असे नाही. भुकेलेल्या स्त्रिया, वृद्ध आणि अनाथ मुलेही तिकडे लोटली. १९४२ मध्ये हे सैन्य इराणात हलविण्यात आले, तेव्हा त्याच्यासोबत ही माणसेही कास्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरली. एकूण एक लाखाहून अधिक लोक अशा रीतीने रशियाबाहेर पडले.

सैनिक आघाडीवर गेले. परंतु त्यांच्या बायकामुलांना ठेवावयाचे कोठे? पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा निरनिराळ्या देशांनी काहींना आसरा दिला. हिंदुस्थानात पहिला दरवाजा उघडला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. १९४२ मध्ये त्यांनी काठेवाडच्या किनाऱ्यावर बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी निवासस्थान उभारले. त्यानंतर आईबापांसह किंवा एकट्या आईसह आलेल्या कुटुंबांसाठी अधिक मोठ्या वसाहतीची निकड भासू लागली. समशीतोष्ण हवा, रेल्वेची सोय आणि नदीचे पाणी या गोष्टींमुळे कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याचा माळ त्यासाठी सोयीचा ठरला. गादीवर त्या वेळी अज्ञान छत्रपती होते आणि संस्थानचा कारभार राजप्रतिनिधींकडे होता. इराणातून कराचीमार्गे आलेल्या कुटुंबांची वस्ती १९४३ च्या मध्यापासून येथे होऊ लागली.

वसाहतीचे बाह्यरूप साधे होते. कौलारू छपरांच्या लांबलचक बराकी ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला त्यांत आपापली जागा मिळाली होती. स्वयंपाकही ज्याचा त्याने करावयाचा होता. ही व्यवस्था वरवर किरकोळ वाटते. पण तिचा परिणाम खोल झाला. सैबेरियात ज्या बाईने पावाच्या तुकड्यासाठी रांगेत दिवस काढले, तिला येथे आपली चूल मिळाली. हातात नेमलेले थोडे पैसे पडत. त्यांत काय आणावयाचे, मुलांस काय खाऊ घालावयाचे आणि सणासाठी काय राखून ठेवावयाचे, हे तिचे तीच ठरवू लागली. आयत्या भाकरीने पोट भरते. चूल हाती आली म्हणजे घर उभे राहते.

वस्तीत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. कर्ते पुरुष अँडर्सच्या सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोचा डोंगर जिंकणारे पोलिश सैनिक हे यांपैकीच अनेकांचे पती, पिता व बंधू होत. तेव्हा एवढे मोठे गाव चालवावे कोणी? व्यवस्थापक पोलिश होते, खर्चाची तजवीज लंडनमधील पोलिश सरकार पाहत होते आणि देखरेख हिंदुस्थान सरकारची होती. परंतु कागदावरील व्यवस्थेने शाळेत फळा लागत नाही की रुग्णाच्या उशाशी कोणी बसत नाही. ती कामे स्त्रियांनी आणि मोठ्या मुलांनी उचलली.

शाळा हे त्या सर्व उद्योगाचे केंद्र होते. निर्वासनाच्या काळात मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. कित्येकांचे अक्षरही मोडले होते. वळिवड्यात प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय आणि व्यवसायशिक्षणाचे वर्ग उभे राहिले. पुस्तके तुटपुंजी, शिक्षक मोजके. तरीही पोलिश भाषा, इतिहास आणि गणित यांत खंड पडू दिला नाही. युद्ध संपताच मायदेशी परतावयाचे आहे, तेथील शाळेत आपली मुले मागे पडता कामा नयेत, ही त्यामागची जिद्द होती.

शाळेच्या जोडीला बालवीर आणि वीरबाला यांची पथके होती. पोलंडमध्ये या चळवळीला राष्ट्रीय बाणा आहे, आणि वळिवड्यात तिने सेवेचे व्रत मुलांच्या अंगी बाणविले. आजारी शेजाऱ्याची विचारपूस, वृद्धांची पडेल ती कामे, लहानग्यांचे खेळ, सणासमारंभांची तयारी ही कामे पथकांकडे येत. त्यांच्या संघटनेत जे कार्यकर्ते झटले, त्यांत झ्दिस्वाव पेश्कोव्स्की हे तरुण अधिकारी होते. १९४० च्या वसंतात कोझेल्स्कच्या बंदिवासातील हजारो पोलिश अधिकाऱ्यांना रशियनांनी कातिनच्या अरण्यात गोळ्या घातल्या. त्यातून वाचलेल्या थोड्यांपैकी ते एक. सहकाऱ्यांचे मरण पाठीशी घेऊन आलेल्या या माणसाने परक्या माळावर मुलांना खेळ, शिस्त आणि गाणी शिकविली. पुढे ते धर्मगुरू झाले.

दवाखाना, प्रार्थनामंदिर, सहकारी दुकान, नाट्यगृह अशी गावाची सारी अंगे हळूहळू पुरी झाली. क्षयाने पोखरलेल्या मुलांसाठी पाचगणीच्या हवेत वेगळी सोय करण्यात आली. तरी सैबेरियाने खिळखिळी केलेली काही शरीरे सावरली नाहीत. त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आजही आहेत.

शेजारच्या गावांशी या वस्तीचा संबंध आला तो मुख्यतः बाजारातून. भाजीपाला, दूध, अंडी, फळे विकण्यास आलेले शेतकरी आणि फेरीवाले थोड्याच दिवसांत पोलिश आकडे व वस्तूंची नावे बोलू लागले. पोलिश बायकाही मोडक्या मराठीत घासाघीस करू लागल्या. सणावारी पोलिश मुलामुलींची लोकनृत्ये पाहावयास कोल्हापूरची मंडळी जात. ज्यांची भाषा, धर्म आणि आहार सर्वस्वी भिन्न, अशा दोन समाजांत व्याख्यानांनी जे साधले नसते, ते आठवड्याच्या बाजाराने साधले.

वसाहतीशी जोडली गेलेली दोन स्त्रियांची नावे आवर्जून घ्यावी लागतात. किरा बानासिन्स्का या मुंबईतील पोलिश वकिलाच्या पत्नी. पोलिश रेडक्रॉसच्या वतीने त्यांनी निर्वासितांसाठी अपार श्रम घेतले. युद्धानंतर त्या भारतातच राहिल्या, हैदराबाद ही आपली कर्मभूमी केली, आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. दुसऱ्या वांदा दिनोव्स्का. थिऑसॉफीच्या ओढीने त्या युद्धापूर्वीच हिंदुस्थानात आल्या होत्या. गांधीजींच्या सहवासात वावरलेल्या या बाईंना येथे उमादेवी म्हणत. पोलिश तरुणांना त्या भारताची ओळख करून देत. १९६० नंतर त्यांनी धरमशाळेच्या तिबेटी निर्वासितांच्या सेवेस वाहून घेतले आणि १९७१ मध्ये म्हैसूर येथे देह ठेवला. एका निर्वासित समाजाच्या सेवेतून दुसऱ्याच्या सेवेकडे जाणारा हा मार्ग विचार करण्याजोगा आहे.

युद्ध संपले, आणि वळिवड्यावर खरा आघात तेव्हा झाला. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहावा असे ठरले. ल्वूव, विल्नो ही शहरे आणि त्यांच्या भोवतालची खेडी, म्हणजे या लोकांपैकी बहुतेकांची घरे, नव्या नकाशात पोलंडबाहेर गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या आधारावर वसाहत उभी होती, ते कागदोपत्री नाहीसे झाले, आणि पुढे निर्वासितांची जबाबदारी आंतरराष्ट्रीय संघटनांकडे गेली. ज्या घरी परतण्यासाठी मुलांना शिकविले, ते घरच परराज्यात गेले होते. तरीही शाळा बंद पडली नाही. देश हातचा गेला असता भाषा आणि विद्या एवढेच काय ते धन बरोबर नेता येते, हे त्या शिक्षिकांनी ओळखले होते.

१९४६ मध्ये बालाचडीचे निवासस्थान बंद झाले व तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. त्यानंतर पांगापांग सुरू झाली. काही जण नव्या पोलंडमध्ये परतले. पुष्कळशी कुटुंबे सैन्यातून सुटलेल्या पुरुषांकडे इंग्लंडला गेली. काही आफ्रिकेत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत स्थिरावली. १९४८ मध्ये वसाहत पुरती रिकामी झाली.

परंतु त्या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. ज्या कराचीच्या बंदरातून पोलिश कुटुंबे येथे आली होती, त्याच कराचीतून आणि सिंधच्या गावोगावांतून फाळणीने उखडलेले सिंधी हिंदू आता निघाले होते. त्यांच्यापैकी अनेकांना वळिवड्याची ही रिकामी वसाहत मिळाली आणि तिचे नाव गांधीनगर झाले. त्यांच्याही घराची वाट एका नव्या सरहद्दीने बंद केली होती. पोलिशांप्रमाणे परतीची आस त्यांना बाळगता आली नाही. म्हणून त्यांनी येथेच दुकाने थाटली आणि छावणीची पेठ केली.

वळिवड्यात वाढलेली पोलिश मुले जगभर विखुरली, तरी हे गाव विसरली नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांनी आपला संघ स्थापन केला आणि वसाहतीचा इतिहास आपल्याच हातांनी लिहून काढला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. २०१७ मध्ये वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक झाले. २०१९ मध्ये जुन्या रहिवाशांपैकी काही वृद्ध मंडळी पुन्हा वळिवड्यास येऊन गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील त्या स्मारकास पुष्पचक्र वाहिले.

आश्रय देणाऱ्याचे औदार्य मोठे खरे. कोल्हापूरने ते दाखविले आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण छप्पर आणि शिधा यांनी छावणी होते, गाव होत नाही. आपली चूल आपण पेटवावी, आपली मुले आपण शिकवावी, शेजाऱ्याच्या उशाशी आपण बसावे, असे ठरविणारी माणसे त्या छपराखाली आली, तेव्हा वळिवड्याचे गाव झाले. पोलिशांनी ते पाच वर्षांसाठी वसविले आणि सिंधी मंडळींनी ते कायमचे वसविले. आजच्या गांधीनगरात कापडाच्या गठ्ठ्यांआड हा दुहेरी इतिहास उभा आहे.