पस्तिसाचा पेच

खाऱ्या पाण्यातले मासे टाकीत पाळणाऱ्यांकडे हल्ली छोट्या दुर्बिणीसारखी एक नळी असते. तिचं नाव रिफ्रॅक्टोमीटर. टोकाच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब घालायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात, तो आकडा वाचायचा. हजार भागांत ३५ भाग क्षार, म्हणजे साधारण खुल्या समुद्राइतका खारटपणा. किती सोपं! पण यामागे माणसाने बरीच खटपट केली आहे.

पाणी आटवावं आणि उरलेलं मीठ तोलावं, हे कुणालाही सुचेल. पण काही क्षार शेवटचा ओलावा सोडत नाहीत, आणि फार तापवलं तर काही घटकच उडून जातात. वजन भरवशाचं येत नाही.

वाट सापडली ती वेगळीच. १८१९ साली मार्सेटने निरनिराळ्या समुद्रांचं पाणी तपासलं. खारटपणा कमीजास्त असला तरी क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सारखंच दिसलं. पुढे 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ जगभर फिरून पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण करून डिटमारने १८८४ साली तेच दाखवलं. म्हणजे एकटं क्लोराइड मोजलं, की बाकीचा हिशेब मांडता येतो! डेन्मार्कच्या क्नुडसेनने १९०१ साली त्याची कोष्टकंच छापली.

तरी एक पेच उरला. माझी मोजणी आणि तुमची मोजणी जुळते कशावरून? त्यासाठी कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्यांतून प्रमाणित समुद्रपाणी देशोदेशी जाऊ लागलं. आधी त्यावर आपली मोजणी पडताळायची, मग आपला समुद्र मोजायचा. आज क्षारता विद्युतवाहकतेवरून काढतात, पण प्रमाणित पाण्याची गरज संपलेली नाही.

आता आपली नळी. हे उपकरण रूढ केलं जर्मनीतल्या येना गावच्या अर्न्स्ट आबेने. त्याची माहिती त्याने १८७४ साली छापली. त्याला मीठ दिसत नाही, दिसतं ते फक्त प्रकाशाचं वाकणं. हौशी लोकांसाठीच्या बऱ्याच नळ्यांची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट वगैरेही असतात. त्यामुळे ३५ च्या समुद्रपाण्याला अशी नळी सुमारे साडेछत्तीस दाखवते. तिच्यावर विसंबून ३५ साधला, तर पाणी प्रत्यक्षात दीडेकाने फिकं राहतं. त्यात आणखी चुकांची भर पडली, तर मासे एकवेळ निभावतात. प्रवाळ आणि तारामासे यांना ते सोसत नाही.

लोक उर्ध्वपातित पाणी घालून शून्य जुळवतात आणि निर्धास्त होतात. शून्य जुळलं म्हणजे पस्तीसही बरोबर, असं मात्र नाही. ३५ च्या समुद्रपाण्याइतकाच प्रकाश वाकवणारं प्रमाणित द्रावण घालून नळी पडताळावी. थेंब अर्धा मिनिट काचेवर राहू द्यावेत, म्हणजे तापमान सारखं होतं.

आम्ही बोर्डाचे पेपर तपासायचो, तेव्हा कोऱ्या पानाला सगळेच परीक्षक शून्य देत. त्यावर कधी भांडण झालं नाही. वाद व्हायचा तो पस्तिसाच्या आसपास, जिथे एका पोराचं वर्ष टांगलेलं असायचं. म्हणून तर नमुना उत्तरपत्रिका समोर ठेवावी लागे.