मज्जारज्जूच्या जखमेवर हायड्रोजेलचा पूल

परभणी हे कृषी विद्यापीठाचे गाव. त्यामुळे येथे ‘हायड्रोजेल’ हा शब्द ऐकला की प्रथम कोरडवाहू शेती आठवावी, हे स्वाभाविक आहे. पावसाने ओढ दिली असता पिकाच्या मुळांशी ओलावा धरून ठेवणारे ‘पुसा हायड्रोजेल’ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केले. पाणी शोषून फुगणारी, तरीही पाण्यात न विरघळणारी पॉलिमरची जाळी म्हणजे हायड्रोजेल. याच गुणामुळे शास्त्रज्ञ या पदार्थाकडे शरीरातील एका अत्यंत अवघड जखमेवरील उपाय म्हणून पाहू लागले. ती जखम म्हणजे मज्जारज्जूची इजा.

झाडावरून, छतावरून वा विहिरीत पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही या इजेची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक तिचे परिणाम भोगत आहेत. लोक ‘मणका मोडला’ असे म्हणतात. परंतु मोडलेला मणका जुळतो, त्याच्या आतील मज्जारज्जू जुळत नाही. सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीच्या या मऊ दोरातून मेंदूचे आदेश हातापायांकडे जातात आणि स्पर्शाच्या संवेदना मेंदूकडे येतात. तो चेंगरला की इजेखालील भाग लुळा पडतो. हातापायांच्या हालचालींबरोबरच लघवी व शौचावरील ताबाही जातो, आणि रुग्णाला त्याचाच त्रास पुष्कळदा अधिक जाचतो.

नुकसान आघाताच्या क्षणी संपत नाही. सूज व रक्तस्राव यांमुळे पुढील काही दिवस, आठवडे आसपासच्या पेशी मरत राहतात. शेवटी तेथे द्रवाने भरलेली पोकळी उरते आणि तिच्याभोवती व्रण तयार होतो. प्रौढ मज्जारज्जूतील तंतू पुन्हा वाढतच नाहीत, असे दीर्घकाळ मानले जात होते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये या समजुतीला धक्का दिला. उंदरांच्या पायातील नसेचा तुकडा जोडून दिल्यावर त्यांच्या मज्जारज्जूतील तंतू त्या तुकड्यातून लांबवर वाढले. वाढण्याची शक्ती तंतूंत होती. उणीव होती ती अनुकूल परिसराची.

हा परिसर कृत्रिमरीत्या निर्माण करणे, हेच हायड्रोजेलचे काम. पोकळीत भरलेले जेल मज्जारज्जूइतकेच मऊ असावे लागते. कठीण पदार्थ शेजारच्या ऊतींना घासतो. त्याच्या छिद्रांतून रक्तवाहिन्या व चेतातंतू शिरू शकतात, त्यात मूलपेशी पेरता येतात, वाढीस चालना देणारी प्रथिने साठवून ती सावकाश सोडता येतात. कोलॅजन, हायलुरॉनिक आम्ल, समुद्री शैवालापासून मिळणारे अल्जिनेट, कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन अशा अनेक पदार्थांवर प्रयोग झाले आहेत. या कुळाचा एक मूळपुरुष मात्र डोळ्यांसाठी जन्मला. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांपासून घरीच यंत्र जुळवून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनविल्या. त्यांच्याच जातीचे जेल पुढे प्राग येथे उंदरांच्या मज्जारज्जूत बसवून पाहण्यात आले.

अलीकडे सर्वाधिक गाजला तो अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा प्रयोग. सॅम्युअल स्टुप यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. इजेनंतर २४ तासांनी उंदरांना पेप्टाइडच्या द्रावणाची एकच सुई देण्यात आली. शरीरात शिरताच द्रावणाचे अतिसूक्ष्म तंतूंचे जेल झाले. त्यातील रेणूंच्या सततच्या हालचालीमुळे पेशींना संदेश अधिक चांगला पोहोचतो, असा या गटाचा निष्कर्ष आहे. ‘नाचणारे रेणू’ हे नाव त्यावरूनच पडले. चार आठवड्यांत लुळे उंदीर चालू लागले आणि सुमारे बारा आठवड्यांत जेल शरीरात विरघळून गेले.

उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मात्र फार मोठे आहे. माणसाच्या मज्जारज्जूत तंतूंना कितीतरी लांब वाढावे लागते. पुष्कळदा ते जेलमध्ये शिरतात, पण पलीकडे बाहेर पडून योग्य पेशीशी नाते जोडत नाहीत. जुन्या इजेत व्रण आणखी आड येतो. हायड्रोजेलच्याच कल्पनेचा चुलतभाऊ म्हणता येईल असा सच्छिद्र, विरघळणारा पॉलिमरचा सांगाडा अमेरिकेतील ‘इन्व्हिवो थेरप्युटिक्स’ या कंपनीने तयार केला होता. २०१४ मध्ये तो प्रथम एका रुग्णाच्या मज्जारज्जूत बसविण्यात आला. पुढील तुलनात्मक चाचणीत मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नसल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट झाले आणि २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. या अपयशाची चर्चा उंदरांच्या यशाइतकी झाली नाही.

मज्जारज्जूवर हालचाल परत आणणारे हायड्रोजेल नियमित उपचार म्हणून आजही उपलब्ध नाही. म्हणून ‘जेल’ वा ‘मूलपेशी’ यांच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्या जाहिरातींबाबत रुग्णाच्या नातेवाइकांनी सावध राहिले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.

आज हाती आहे ते तुलनेने साधे, पण निर्णायक आहे. अपघातग्रस्ताला हातापायांना धरून उचलू नये. मान व पाठ सरळ राहील अशा बेताने फळीवर घेऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने न्यावे. अर्धवट चेंगरलेला मज्जारज्जू चुकीच्या उचलण्याने पुरता निकामी होऊ शकतो. त्यानंतर प्रश्न येतो तो पुढील आयुष्याचा: दर दोन तासांनी कूस बदलून शय्याव्रण टाळणे, मूत्राशयाची निगा, नियमित व्यायाम. मुंबईत हाजीअली येथील केंद्र सरकारच्या संस्थेत या पुनर्वसनाची सोय आहे. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे स्वतंत्र केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.