सुट्टीनंतर सीएनसी मशीन 'विसरतं' का? जुन्या कंट्रोलवर वारंवार येणाऱ्या मेमरी एररचा अर्थ काय?

गणपतीची सुट्टी संपते. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत आठवडाभर बंद असलेल्या वर्कशॉपचं शटर वर जातं. ऑपरेटर सीएनसी लेथचा मेन स्विच टाकतो आणि नेहमीच्या स्क्रीनऐवजी 'एसरॅम पॅरिटी' असा अलार्म दिसतो. मशीन जागचं हलत नाही.

पंधरा-वीस वर्षं जुन्या कंट्रोलवर असं एकदा झालं, तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. पण तोच अलार्म पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर मशीन काहीतरी सांगतंय. ते वेळीच ऐकलं नाही, तर मशीनची सगळी सेटिंग एका सकाळी पुसली गेलेली असू शकते.

कंट्रोलमध्ये कोणकोणती मेमरी असते?

फानुकसारख्या जुन्या कंट्रोलमध्ये ढोबळमानाने तीन प्रकारची मेमरी असते. पहिली रॉम किंवा फ्लॅश. यात कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. दुसरी डीरॅम, म्हणजे काम चालू असताना वापरायची जागा. वीज गेली की ती रिकामी होते.

तिसरी एसरॅम. मशीनचे पॅरामीटर, जॉबचे प्रोग्राम आणि टूल ऑफसेट इथे राहतात. मशीन बंद असताना ही मेमरी फक्त एका छोट्या बॅटरीवर जिवंत असते. म्हणून बॅटरी मशीन चालू असताना नाही, तर बंद असताना खर्च होते.

'पॅरिटी' अलार्म म्हणजे काय?

मेमरीत माहिती ० आणि १ अशा बिटांमध्ये साठते. दर आठ बिटांमागे एक नववा बिट पहारेकरी म्हणून ठेवलेला असतो. सगळ्या '१'ची बेरीज ठरल्याप्रमाणे सम किंवा विषम राहील, एवढंच तो पाहतो. एक बिट जरी उलटला तरी हिशोब चुकतो. पण नेमका कोणता बिट चुकला, हे कंट्रोलला कळत नाही. म्हणून ते सरळ थांबतं.

हे थांबणं गरजेचंच आहे. टूल ऑफसेटमधला एक आकडा बदलला आणि मशीन तसंच चाललं, तर टूल थेट चकवर आदळू शकतं.

बिट बॅटरीमुळेच उलटतो असं नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अंशांमुळेही मेमरीतला बिट बदलू शकतो. पण अशी चूक क्वचित आणि कुठेही होते. तोच अलार्म ठरावीक वेळी परत येत असेल, तर कारण बहुधा जवळच सापडतं.

कोकणात कशाची भर पडते?

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात समुद्राची खारी हवा. पॅनेलमध्ये ओल शिरली की कनेक्टरच्या पिना गंजतात आणि कार्डवर धुळीचा चिकट थर बसतो. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावायची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याने गारवा मिळतो, पण खारी हवा आणि तेलाचे कणही थेट कार्डवर जातात.

दुसरी अडचण लांबलेल्या बंदची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगड भागात अनेक दिवस वीज नव्हती. अशा काळात आधीच कमजोर असलेली बॅटरी संपायला वेळ लागत नाही.

दोष कसा शोधायचा?

१. अलार्म रिसेट करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. फानुकच्या १६, १८ आणि २१ सीरिजमध्ये ९०० हा रॉमचा, ९१० आणि ९११ हे एसरॅमचे, तर ९१२ पासूनचे काही अलार्म डीरॅमचे असतात. इतर सीरिजमध्ये अर्थ बदलतो, त्यामुळे आपल्याच मशीनचं मॅन्युअल पाहा.

२. अलार्म कधी येतो ते वहीत लिहा. सुट्टीनंतर येत असेल तर संशय बॅटरीवर. दुपारच्या उकाड्यात येत असेल तर पंखा आणि पॅनेल कूलिंगवर. शेजारचं वेल्डिंग मशीन सुरू झाल्यावर येत असेल तर अर्थिंगवर.

३. स्क्रीनवर 'बॅट' ही अक्षरं लुकलुकत होती का, हे ऑपरेटरला विचारा. ही सूचना आठवडे आधी दिसते आणि बहुतेकदा दुर्लक्षित राहते.

४. कंट्रोलला मिळणारा २४ व्होल्टचा पुरवठा तंत्रज्ञाकडून मोजून घ्या. जुना पॉवर सप्लाय लोड आल्यावर खाली बसतो.

५. एवढं करूनही अलार्म राहिला, तर बॅकअप हाताशी असल्याची खात्री करूनच मेमरी पूर्ण पुसून डेटा पुन्हा भरतात. त्यानंतर अलार्म गेला, तर डेटा बिघडला होता. पुसल्यावरही लगेच आला, तर एसरॅम मॉड्यूल किंवा मेन बोर्ड खराब आहे.

बॅटरी बदलताना कुठे चुकतं?

जुन्या मशीनमध्ये अनेकदा दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक मेमरीची, दुसरी ॲबसोल्यूट एन्कोडरची. दुसरी बॅटरी मशीन बंद करून काढली, तर अक्षांची होम पोझिशन हरवते आणि रेफरन्स पुन्हा सेट करावा लागतो. मेमरीच्या बॅटरीची पद्धत मॉडेलनुसार वेगळी असते. काही मॉडेलमध्ये मशीन बंद करून ठरावीक मिनिटांत नवी बॅटरी बसवायची असते, तर काहींत मशीन चालू ठेवावं लागतं. त्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नये. वर्षातून एकदा बॅटरी बदलणं हा सोपा नियम.

बॅकअप नसेल तर?

तर पॅनेलच्या दारामागचा खिसा तपासा. मशीनसोबत आलेली पॅरामीटरची छापील यादी अनेकदा तिथेच असते. तीही नसेल, तर मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे सीरियल नंबर देऊन मागावी लागते. कंपनीच बंद पडली असेल, तर चालू मशीनचं रूपांतर भंगारात होऊ शकतं.

म्हणून मशीन नीट चालू असतानाच बॅकअप घ्या. बऱ्याच कंट्रोलमध्ये तो मेमरी कार्डवर जातो, त्याहून जुन्यांमध्ये आरएस-२३२ केबलने कॉम्प्युटरवर. संपूर्ण एसरॅमची प्रत आणि पॅरामीटर-प्रोग्रामच्या वेगळ्या फाइल, दोन्ही ठेवा. कारण बिघडलेल्या मेमरीची प्रत घेतली, तर तिच्यासोबत बिघाडही परत येतो.

पुढची मोठी सुट्टी शिमग्याची. शटर ओढण्याआधी बॅटरीवरची तारीख पाहायला पाच मिनिटं पुरतात.