सोयाबीन : चीन, जपान आणि जालना

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. मूळच्या या चिनी पिकाभोवती चीन व जपानच्या खाद्यसंस्कृती घडल्या, पण दोन्हींचा कल वेगळा आहे. चिनी स्वयंपाकात सोयादुधाचे टोफू तळतात, परततात, तिखट रश्श्यात शिजवतात. सिच्वानच्या मापो टोफूत मिरचीबरोबर कोकणी तिरफळाच्या कुळातले, जीभ बधिर करणारे मिरे पडतात. जपानी घरात तेच टोफू थंडगार वाढतात, वर किसलेले आले आणि सोया सॉस. जपानची खरी करामत आंबवण्यात आहे : कोजी बुरशीने महिनोन्‌महिने मुरवलेले मिसो आणि भातावरचे चिकट, उग्र वासाचे नाट्टो.

जालना जिल्ह्यात कपाशीबरोबर सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. मात्र ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण जेवणाऱ्या या मुलखात ते ताटात येते प्रामुख्याने तेल म्हणून, क्वचित सोयावडीची भाजी म्हणून. प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते, ही खेदाची गोष्ट आहे. दाणे थेट घरी खायचे तर एक काळजी घ्यावी लागते : कच्च्या दाण्यातील पचनरोधक घटक उष्णतेने निष्क्रिय होतात. त्यामुळे दाणे भिजवून नीट शिजवावे लागतात.