मेमरीच्या पत्त्यांचा मागोवा

बीड जिल्ह्यात जुने खरेदीखत घेऊन तलाठ्याकडे गेले की पहिला प्रश्न येतो: हा झाला सर्व्हे नंबर, आताचा गट नंबर कोणता? एकत्रीकरण झालेल्या गावात जमीन जागेवरच असते, क्रमांक मात्र जुळवून घ्यावा लागतो. संगणकाच्या मेमरीत अशी जुळवणी अहोरात्र चालते. तिचा उगम शोधत आपण १९५६ सालच्या बर्लिनपर्यंत मागे जाऊ शकतो. फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंच यांनी तिथे आपल्या प्रबंधात आभासी मेमरीची कल्पना मांडली. आज त्यांचे नाव क्वचितच कुणी घेतो. ती कल्पना प्रत्यक्षात नांदली ती मँचेस्टरला, टॉम किलबर्न यांच्या चमूने उभारलेल्या ॲटलस यंत्रात, १९६२ साली. ५१२ शब्दांचे एक पान. ते मुख्य मेमरीत आहे की फिरत्या चुंबकी ड्रमवर, हे यंत्रच पाही, प्रोग्रामला सारे सलग दिसे. १९८५ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८०३८६ चिपबरोबर ही सोय मेजावरच्या संगणकात उतरली आणि १९९१ मध्ये त्याच चिपवर लिनस टोरवाल्ड्स यांची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम जन्मली.

इथे एक पेच होता. प्रोसेसर आभासी पत्ता वाचतो. पण डिस्कचा कंट्रोलर प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहितो, त्याला बसवरचा, म्हणजे उपकरणांना मेमरीशी जोडणाऱ्या वाहिनीवरचा पत्ता हवा. त्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये ‘व्हर्ट-टू-बस’ हे फंक्शन आले. ३२-बिट पीसीवर त्याचे काम एका वजाबाकीचे: कर्नेलच्या पत्त्यातून ३ गिगाबाइट वजा करा, उत्तर कंट्रोलरच्या हाती द्या. साधे आणि वेगवान, म्हणूनच ते शेकडो ओळींत रुजले. पण सुमारे ८९६ मेगाबाइटपलीकडच्या मेमरीला कर्नेलमध्ये कायमचा पत्ताच नव्हता. अल्फा आणि स्पार्क यंत्रांत तर बस आणि मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलणारे वेगळे हार्डवेअर बसलेले होते. तिथे वजाबाकीचे उत्तर साफ चुकीचे ठरे, आणि चुकीच्या पत्त्यावर लिहिणारा कंट्रोलर दुसऱ्याचाच डेटा पुसून टाकतो. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच: पत्ता गणिताने काढायचा नसतो, मागून घ्यायचा असतो. डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि याकुब येलिनेक यांनी लिहिलेल्या नियमांसह पत्ता मागून घेण्याची ही नवी पद्धत, म्हणजे डीएमए मॅपिंग, लिनक्सच्या २००१ सालच्या २.४ आवृत्तीत आली. २००३ च्या २.६ पर्यंत जेम्स बॉटमली यांनी तिला सर्व प्रकारच्या बससाठी समान रूप दिले. उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे ड्रायव्हरने, कर्नेलकडे पत्ता मागावा, नकार आला का ते तपासावे, काम झाल्यावर तो परत करावा.

तरी जुने फंक्शन दोन दशके तग धरून राहिले. अखेर २०२२ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी बहुतेक यंत्रांवरून ते हटवले. अमिगासारख्या जुन्या संगणकांचे काही ड्रायव्हर तेवढे तसेच ठेवले, कारण तिथे जुना हिशेब बरोबरच येतो. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. अंबाजोगाईत वा बीडमध्ये जुन्या पुस्तकावरून ड्रायव्हर लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र ते फंक्शन शोधू नये. सुरुवात थेट डीएमए मॅपिंगपासून करावी.