पिंपातलं पाणी आणि डोळ्यातलं फूल

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. ती टंचाई सरली, पण पाणी पिंपात भरून ठेवायची आम्हा मराठवाड्याच्या माणसांची सवय काही सुटली नाही. आज त्या पिंपातल्या पाण्याविषयीच बोलायचं आहे, पण डोळ्यांच्या निमित्तानं.

माझी नांदेडची भाची डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला शिकवणीला राहिली होती. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढे. म्हणून तिला रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स दिल्या होत्या. रात्रभरात बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो, दिवसा चष्मा लागत नाही आणि नंबर वाढण्याचा वेगही मंदावतो. एका पहाटे तिचा फोन आला, "मामू, डोळ्यात खडा गेल्यासारखं दुखतंय. उजेडाकडं बघवत नाही." लेन्सची डबी ती पिंपातल्या पाण्यानं विसळत होती.

ही कल्पना तशी जुनी. १९६२ साली अमेरिकेत जॉर्ज जेसेन यांनी कडक लेन्सनं नंबर उतरवण्याची पद्धत मांडली. रात्री घालायच्या लेन्सला तिथं २००२ साली मान्यता मिळाली. पूर्व आशियात त्या आधीच शाळकरी मुलांच्या डोळ्यांत गेल्या होत्या. २००१च्या सुमारास तिथं गंभीर संसर्गाची प्रकरणं पुढं आली. रुग्ण बहुतेक नऊ ते पंधरा वर्षांचे. लेन्स नळाच्या पाण्यानं धुणं हे त्यातलं एक ठळक कारण निघालं.

माती-पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो स्वतःभोवती टणक कवच करून राहतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ते कवच दाद देत नाही. पाणी पिण्याजोगं असलं, तरी लेन्सजोगं नसतं. लेन्सखाली अडकलेल्या जंतूला उबदार, बंद जागा मिळते. उपचार महिनोन्महिने चालतात.

लेन्स वाईट नाही. पण लेन्सला आणि डबीला पाणी लागता कामा नये. उकळलेलं नको, घरी केलेलं मिठाचं पाणीही नको. द्रावण रोज ताजं घ्यावं. हात साबणानं धुऊन कोरडे करावेत. पहाटे वजू करण्याआधी, तोंड धुण्याआधी, गोदावरीत उतरण्याआधी लेन्स काढावी. डोळा लाल होऊन दुखला, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडं जावं. औषधाच्या दुकानातून मनानं थेंब आणून घालू नयेत.

भाची वेळेवर डॉक्टरांकडं पोहोचली. डोळा वाचला, पण अभ्यासाचे तीन महिने गेले. आता ती चष्मा लावते. आईबापांनो, नंबर वाढला तर काच बदलता येते. डोळ्यात फूल पडलं, तर ते पुसता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)